गोरिलाचें बारसें

घरांत मूल जन्मास आलें, म्हणजे बाराव्या दिवशीं पाळणा बांधावा, शेजारच्या बायका बोलवाव्या, आत्याबाईंनीं बाळाच्या कानांत नांव सांगावें, हा आपल्याकडील परिपाठ. आफ्रिका खंडाच्या मध्यभागीं असलेल्या रवांडा या लहानशा डोंगराळ देशांतही नवजात बालकास नांव ठेवण्याचा असाच घरगुती सोहळा असतो. त्यास तेथें ‘क्विता इझिना’ म्हणतात. परंतु २००५ सालापासून याच नांवाचा आणखी एक सोहळा तेथें राष्ट्रीय थाटानें होऊं लागला आहे. त्यांत नांवें ठेवावयाचीं, तीं मनुष्याच्या लेंकरांस नव्हे, तर अरण्यांत नुकत्याच जन्मलेल्या गोरिलाच्या पिलांस! पर्वताच्या पायथ्याशीं सहस्रावधि ग्रामस्थ त्यासाठीं जमतात. ज्यांच्या शेताची राखण सदोदित रानाशीं झगडून होते, त्या गरीब शेतकऱ्यांनीं एका वानराच्या जन्माचा आनंद मानावा, हें कसें घडलें? तो वृत्तान्त आमच्या वाचकांस मनोरंजक व विचारार्हही वाटेल.

हे पर्वतीय गोरिले साऱ्या पृथ्वीवर दोनच ठिकाणीं आढळतात. एक, रवांडा, युगांडा व कांगो या तीन देशांच्या सीमा जेथें मिळतात तेथील विरुंगा पर्वतावर. आणि दुसरें, युगांडांतील ब्विंडीच्या अरण्यांत व त्यास लागून. युरोपीय शास्त्रज्ञांस त्यांची ओळख झाली १९०२ सालीं, तीही बंदुकीच्या द्वारें. फॉन बेरिंगे नामक जर्मन कप्तानानें साबिन्यो पर्वतावर दोन गोरिले मारले, आणि शास्त्रीय परिभाषेंत त्या जातीस त्याचेंच नांव देण्यांत आलें! पुढें १९२१ सालीं कार्ल एकली हे अमेरिकन गृहस्थ न्यूयॉर्कच्या पदार्थसंग्रहालयासाठीं गोरिले मारावयास आले. परंतु त्या प्राण्याच्या सहवासानें त्यांचेंच मन पालटलें. त्यांच्या खटपटीस यश येऊन बेल्जमचे राजे आल्बर्ट यांनीं १९२५ सालीं तेथें राष्ट्रीय उद्यान स्थापिलें.

उद्यान झालें, पण भोंवतालच्या शेतकऱ्यास त्यांत काय मिळालें? ज्या रानांतून तो सर्पण, मध व शिकार आणीत असे, तें रान त्यास बंद झालें. उलट रानरेडे रात्रीं येऊन त्याचे बटाटे तुडवूं लागले. रवांडा हा अत्यंत दाट वस्तीचा देश. तेथें वीतभर जमिनीसही मोल. १९६९ च्या सुमारास उद्यानाची सुमारें १०,००० हेक्टर भूमि काढून घेऊन तींत पायरेथ्रम नांवाच्या, कीटकनाशक औषध देणाऱ्या फुलांची लागवड करण्यांत आली. हरणांसाठीं मांडलेल्या फांसांत गोरिल्यांचे हातपाय अडकून जखमा चिघळत. डायन फॉसी या अमेरिकन विदुषीनें १९६७ पासून त्या अरण्यांत राहून गोरिल्यांचा अभ्यास व राखण चालविली होती. पण तिचा लाडका ‘डिजिट’ १९७७ सालच्या अखेरच्या दिवशीं मारला गेला, आणि १९८५ सालीं खुद्द तिचाही खून झाला. १९८१ च्या गणतींत विरुंगांत अवघे २५४ गोरिले भरले.

त्यापूर्वींच, उरलेल्या अरण्याचा आणखी एक मोठा तुकडा गुरांच्या पैदाशीसाठीं घेण्याचा घाट घातला गेला होता. त्या वेळीं बिल वेबर व एमी व्हेडर या तरुण पतिपत्नींनीं निराळा विचार मांडला. गुरें जर पैसा देतात, तर गोरिलाही कां देऊं नये? त्यास लांबून पाहण्यासाठीं लोक आनंदानें मोल देतील. फॉसीबाईंस प्रवाशांची ये-जा मुळींच रुचत नसे. तथापि १९७९ सालीं ही योजना सुरू झाली. हिचें सारें मर्म नियमांत आहे. एका कळपाजवळ दिवसांतून एकदांच, आठांहून अधिक नाहींत इतकेच पाहुणे, तेही एकच तासभर! पंधरा वर्षांखालील मुलांस व आजारी माणसांस मज्जाव. कारण आपलें साधें पडसेंही गोरिल्यांस प्राणघातक ठरूं शकतें. कळपाचा माग काढणारे वनरक्षक रोज त्यांच्यामागें असतात, आणि पशुवैद्य फांस सोडवून जखमांवर उपचार करतात.

मिळालेला पैसा प्रथम सरकारच्याच पेटींत जाई. २००५ सालापासून उद्यानांच्या उत्पन्नाचा शेंकडा ५, व २०१७ पासून शेंकडा १० इतका भाग भोंवतालच्या गांवांस मिळूं लागला. त्यांतून शाळा, दवाखाने व पाण्याचे हौद झाले. रानरेड्यांस अडविण्यासाठीं उद्यानाच्या कडेनें दगडी गडगा घातला गेला. साबिन्योच्या पायथ्याशीं एक मोठें पाहुणेघर आहे, त्याची मालकीच ग्रामस्थांच्या मंडळाकडे आहे. पूर्वीं चोरटी शिकार करणारे कित्येक जण आतां प्रवाशांचें ओझें वाहून उजळ माथ्यानें संसार चालवितात. परिणाम असा, कीं २०१५-१६ च्या गणतींत विरुंगांतील गोरिल्यांची संख्या ६०४ भरली, आणि ब्विंडीकडील मोजणी मिळवून २०१९ सालीं एकूण आंकडा १,०६३ जाहीर झाला. मध्यंतरीं १९९४ सालीं त्या देशांत मनुष्यांचा भयंकर वंशसंहार झाला, हें ध्यानीं घेतलें म्हणजे या यशाचें मोल अधिकच वाटतें.

तथापि चित्राची दुसरी बाजू झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. २०१७ सालीं परदेशी पाहुण्याची एका तासाची दक्षिणा १,५०० डॉलर, म्हणजे सुमारें लाख रुपये, ठरली. तींतील दशांश गांवांस मिळतो खरा; पण ज्याचें शेत तुडवलें गेलें, त्याच्याच उंबऱ्यापर्यंत तो पोंचतो असें नाहीं. शाळा साऱ्या गांवाची; नुकसान मात्र एकाच घराचें! आणि बात्वा नांवाची जी वनवासी जमात पिढ्यान्‌पिढ्या त्या अरण्यांत राहत होती, ती तर अरण्याबाहेर काढली जाऊन भूमिहीन झाली. या वैभवांत तिचा वांटा अजून फारच अल्प आहे.

शिवाय एकाच मिळकतीवर भिस्त ठेवणें केव्हांही धोक्याचें. २०२० सालीं महामारीमुळें प्रवासी येईनासे झाले. शेजारच्या युगांडांत त्या महिन्यांत चोरट्या शिकारीचे प्रकार वाढले, आणि ब्विंडींतील ‘रफीकी’ नांवाचा रुपेरी पाठीचा कळपप्रमुख जून महिन्यांत भाल्यानें मारला गेला. मारेकऱ्यास अकरा वर्षांची शिक्षा झाली. पण कळपाचा कर्ता कांहीं परत आला नाहीं.

आपल्यापैकीं कित्येक कुटुंबें सुट्टींत मुलाबाळांसह ताडोबास वाघ पाहण्यास जातात. त्याच चंद्रपूर जिल्ह्यांत मोहाचीं फुलें व तेंदूचीं पानें वेंचावयास गेलेल्या स्त्री-पुरुषांचे प्राण वाघानें घेतल्याच्या वार्ता आपण वाचतों, आणि जंगलाच्या वेशीवरील गांवांचे तरुण-तरुणीच आपल्याला वाघ दाखवावयास वाटाडे म्हणून येतात. तेव्हां केवळ वाघ दिसला कीं नाहीं एवढेंच न पाहतां, त्या वाटाड्याचें गांव कोणतें, तेथें पीक कसें हातीं लागतें, आपण भरलेल्या शुल्कांतील किती भाग तेथवर जातो, हेंही मुलांदेखत विचारावें. उतरावयाचें तर शक्य तों गांवकऱ्यांच्याच घरीं उतरावें. एकत्र कुटुंबांत तोटा एकानें सोसावा व नफा दुसऱ्यानें न्यावा असें झालें, तर तें घर टिकत नाहीं, हें आपणांस कोणी शिकवावयास नको. अरण्य व त्याचा शेजारी यांचाही संसार एकत्रच आहे.