आरोग्यविषयक संशोधनात माहिती संकलनाचे महत्त्व : एक जीवसांख्यिकीय विवेचन

प्रस्तावना :
आरोग्यविषयक प्रश्नांच्या अभ्यासासाठी संख्याशास्त्रीय पद्धतींचा अवलंब करणाऱ्या शाखेस जीवसांख्यिकी असे म्हणतात. नवोदित संशोधकास सरासरी, प्रमाण विचलन व विविध चाचण्या यांचा परिचय लवकर होतो. परंतु हे आकडे कोणाकडून व कोणत्या मार्गाने मिळाले, हा विचार मागे पडतो. संकलनाच्या वेळी सुटलेली व्यक्ती पुढे कोणत्याही सूत्राने परत मिळत नाही. सदर लेखात ही बाब गडचिरोली जिल्ह्यातील एका अभ्यासाच्या आधारे स्पष्ट केली आहे.

अंश आणि छेद :
आजाराचे प्रमाण हा एक अपूर्णांक असतो. आजारी व्यक्तींची संख्या हा अंश, तर ज्या समूहातून त्या आल्या त्याची एकूण संख्या हा छेद होय. दवाखान्याच्या नोंदवहीत केवळ तेथे पोहोचलेले रुग्ण आढळतात. छेद मात्र गावात असतो. म्हणून अशा नोंदींवरून समाजातील आजाराचे प्रमाण काढणे सदोष ठरते.

गडचिरोलीचा अभ्यास :
डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. हा अभ्यास १९८९ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील तीन आकडे बोलके आहेत. यापूर्वी स्त्रीरोगविषयक तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्के होत्या. प्रत्यक्ष तपासणीत मात्र ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार आढळले. गाव तेच, स्त्रिया त्याच. परंतु केवळ उपचारांच्या नोंदी पाहिल्या असत्या तर बहुसंख्य स्त्रियांचे दुखणे कागदावर आलेच नसते. केवळ मुलाखत घेतली असती तर तक्रार नसलेल्या ४५ टक्के स्त्रिया निरोगी गणल्या गेल्या असत्या.

त्रुटींचे दोन प्रकार :
साधा यादृच्छिक नमुना गृहीत धरल्यास ९२ टक्के या प्रमाणाची प्रमाण त्रुटी सुमारे १.०६ टक्के येते. त्यावरून ९५ टक्के विश्वास अंतराल सुमारे ९० ते ९४ टक्के असा मिळतो. नमुन्याचा आकार वाढविल्यास ही त्रुटी घटते. तथापि कोण तपासणीस आले, कोण आले नाही आणि ही दोन गावे इतर गावांचे प्रतिनिधित्व करतात काय, हे प्रश्न या अंतरालात येत नाहीत. पक्षपाताची त्रुटी नमुना मोठा केल्याने कमी होत नाही. चुकीच्या पद्धतीने हजारो व्यक्ती मोजल्यास चुकीचेच उत्तर अधिक ठामपणे मिळते.

संकलनाची पथ्ये :
१) आजाराची व्याख्या संकलनापूर्वी निश्चित करावी.
२) घरोघरी नोंद करून संपूर्ण समूहाची यादी तयार करावी व नमुना त्यातूनच निवडावा.
३) प्रश्नावली लोकांच्या बोलीत असावी व तिची पूर्वचाचणी घ्यावी.
४) माहितीपूर्ण संमती, गोपनीयता व आढळलेल्या आजारावर उपचाराची सोय असावी.
५) प्रतिसाद न देणाऱ्यांची संख्या अहवालात नमूद करावी.

निष्कर्ष :
ज्या आजाराची नोंद नाही, त्यासाठी ना औषध पोहोचते, ना निधीची तरतूद होते. त्यामुळे छेद निश्चित करणे हे केवळ गणिती काम नसून, कोणाचे दुखणे मोजले जाणार हे ठरविण्याची जबाबदारी आहे. संशोधकाने विश्लेषणापूर्वी तिचे भान ठेवणे आवश्यक आहे.