मोटारीचें तेल किती दाट असावें?

पौषांतल्या पहांटे न्हाणीघरांतली खोबरेल तेलाची बाटली पांढरी गोठलेली आपण सर्वांनीं पाहिली आहे. मोटारीच्या एंजिनांतलें तेल तसें गोठत नाहीं. परंतु थंडीनें दाट व्हावें आणि उष्णतेनें पातळ व्हावें हा तेलाचा धर्म त्यालाहि सुटलेला नाहीं. या दाटपणालाच शास्त्रांत श्यानता म्हणतात.

तेलाच्या डब्यावर ‘५ डब्ल्यू-३०’ किंवा ‘२० डब्ल्यू-५०’ असे आंकडे असतात. ते उष्णतामानाचे अंश होत, हा समज चुकीचा आहे. अमेरिकेंतील मोटार-एंजिनिअरांच्या संस्थेनें १९११ सालीं तेलांची ही वर्गवारी सुरू केली. आंकडे म्हणजे शाळेंतल्या इयत्तांसारख्या इयत्ता. डब्ल्यू हें विंटर या शब्दाचें आद्याक्षर. त्याच्या आधींचा आंकडा गारठलेल्या एंजिनांत तेल कितपत वाहतें हें दाखवितो, व नंतरचा आंकडा तापल्यावर तें किती दाट राहतें हें. शंभर अंश सेंटिग्रेडला तिसाच्या तेलाची श्यानता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असते. पन्नासाच्या तेलाची १६.३ ते २१.९.

मोटारी जेथें घडतात त्या पिंपरी, आकुर्डी, चाकण या पट्ट्यांतहि एक समज दृढ आहे: आपला उन्हाळा कडक, तेव्हां तेल जाड घालावें. वरवर हें पटतें. पण वैशाखांत पारा चाळिशीला टेकला, तरी एंजिनांतलें पाणी थर्मोस्टॅट नांवाची झडप नव्वद अंशांच्या आसपासच राखते. बाहेरच्या उन्हाशीं आंतल्या तेलाला फारसें कर्तव्य नसतें.

खरी झीज होते ती सकाळीं. रात्रभर तेल निथळून तळाच्या पात्रांत उतरलेलें असतें. किल्ली फिरविल्यावर पंपानें तें वर चढवीपर्यंत दट्ट्ये आणि बेअरिंगें जवळजवळ उपाशींच फिरतात. बेअरिंगांतली फट मिलिमीटरच्या कांहीं शतांश भागांइतकी. तींत तेल लौकर शिरलें पाहिजे. चाळीस अंशांवर ५ डब्ल्यू-३० चें तेल साधारण साठ-सत्तर सेंटिस्टोक असतें, तर २० डब्ल्यू-५० चें दीडशेच्या घरांत. निगडीहून आकुर्डीपर्यंत जाऊन थांबणारी गाडी नीट तापतहि नाहीं. तिला हें जाड तेल रोजच महाग पडतें. पेट्रोल अधिक जळतें तें वेगळेंच.

म्हणून पातळ तेल सर्वांनाच हितकर, असेंहि नव्हे. १९९८ सालीं पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून निघालेल्या इंडिकेसारख्या जुन्या डीझेल गाडींत फटी झिजून रुंदावलेल्या असतात. भरल्या गाडीनें खंडाळ्याचा घाट चढतांना फार पातळ तेलाचा पापुद्रा तुटूं शकतो, आणि मग लोखंडाला लोखंड लागतें. अशा गाडीला १५ डब्ल्यू-४० च योग्य. याच्या उलट, चाकणला २००९ सालीं फोक्सवागनचा कारखाना सुरू झाल्यापासून आपल्याकडे ज्या नव्या घडणीचीं एंजिनें आलीं, त्यांपैकीं कित्येकांत झडपांच्या वेळाहि तेलाच्या दाबानें बदलतात. तेथें दाटपणा बदलणें म्हणजे यंत्राच्या हिशेबांतच ढवळाढवळ.

१ एप्रिल २०२० पासून बी. एस. ६ चे नियम आले, तेव्हांपासून तर नुसता दाटपणा पाहून भागत नाहीं. नव्या डीझेल गाड्यांच्या धुराड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. तेलांतल्या कांहीं द्रव्यांची राख तींत सांचते, आणि ती काजळीसारखी जाळून टाकतां येत नाहीं. यासाठीं कमी राखेचें तेल सांगितलेलें असतें. आंकडा तोच, पण तेल निराळें, असें होऊं शकतें.

गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत हें सारें छापलेलें असतें. पुष्कळदां हवेच्या मानाप्रमाणें दोन-तीन तेलांचा तक्ताहि असतो. जुनें एंजिन तेल पिऊं लागलें, तर त्या तक्त्यांतलें दाट तेल खुशाल घ्यावें. तक्त्याबाहेर मात्र जाऊं नये.

गॅरेजांतले कांहीं जाणते गृहस्थ मोजपट्टीवरचा थेंब बोटांत चोळून “तेल पातळ झालें” असा निकाल देतात. बोटांची ऊब पस्तीस अंशांची, आणि निकाल शंभर अंशांवरच्या तेलाचा! रंगावरूनहि घाबरूं नये. डीझेलचें तेल थोड्याच दिवसांत काळें होतें, कारण काजळी पोटांत धरून ठेवणें हें त्याचें कामच आहे. मोजपट्टी पहावयाची ती पातळीसाठीं. गाडी सपाट जागीं उभी करून, एंजिन बंद केल्यावर पांच मिनिटांनीं पहावी, आणि नवें तेल भरतांना डबा आपल्या डोळ्यांदेखत फोडावयास सांगावा.