लॅपटॉप अचानक मंदावला, बंद पडू लागला? आधी हे करून पाहा



सुट्टी लागली की मंडळात एक विषय हमखास निघतो : "कालपर्यंत बरा चालत होता, आज लॅपटॉप उघडायलाच दहा मिनिटं घेतो," किंवा "काम करता करता निळा पडदा येतो आणि बंद पडतो." घरोघरी वापर सारखाच, त्यामुळे दुखणीही सारखीच. म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत. पायऱ्या क्रमाने करा. क्रम महत्त्वाचा आहे.

१. आधी माल वाचवा, मग यंत्र

लॅपटॉप दुकानात विकत मिळतो. त्यातले आजी-आजोबांचे फोटो, लग्नाचे अल्बम, मुलांची प्रमाणपत्रे, शेताच्या उताऱ्यांचे स्कॅन, मंडळाचे जुने जमाखर्च विकत मिळत नाहीत. अचानक आलेला संथपणा हे बऱ्याचदा हार्ड डिस्क निकामी होऊ लागल्याचे पहिले लक्षण असते. फाइल उघडताना अडकणे, कॉपी करताना मध्येच थांबणे, आतून टक-टक आवाज येणे, यांपैकी काही दिसले तर आणखी प्रयोग करू नका. लॅपटॉप चालू होतो आहे तोवर महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर काढा. एक प्रत घरात आणि एक दुसरीकडे, म्हणजे गूगल ड्राइव्हवर किंवा नातेवाइकांकडे ठेवा.

२. रीस्टार्ट करा, नुसते बंद-चालू नको

विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावरही प्रणालीचा काही भाग जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच पुन्हा उघडतो. 'रीस्टार्ट' मात्र सगळे नव्याने सुरू करतो. कित्येक तक्रारी एवढ्यावरच मिटतात.

३. अडचण कुठे आहे ते पाहा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात तीन रकाने पाहायचे :

- सीपीयू सतत ९०-१०० टक्के : एखादा प्रोग्रॅम अडकला आहे. यादीत सगळ्यात वर कोण आहे ते पाहा.
- मेमरी भरलेली : रॅम कमी पडते आहे. ४ जीबी रॅमवर ब्राउझरचे वीस टॅब उघडले की हे होणारच. ८ जीबी असेल तर रोजची कामे सुखाने होतात.
- डिस्क सतत १०० टक्के : जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर हे नेहमीचे आहे. विंडोज अपडेट किंवा अँटिव्हायरसची तपासणी चालू असेल तर अर्धा-पाऊण तास थांबा. तरीही उतरत नसेल तर पायरी १ पुन्हा वाचा.

तिथेच 'स्टार्टअप' विभागात लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम दिसतात. नको ते बंद करा. सी ड्राइव्हवर साधारण १५-२० टक्के जागा मोकळी असावी. काठोकाठ भरलेल्या ड्राइव्हवर विंडोजला हालचालीला जागा उरत नाही.

४. धूळ आणि उष्णता

आपल्या निपाणीत हा मुद्दा जरा जास्तच लागू पडतो. तंबाखूची वखार, विडीचे काम किंवा रस्त्याकडेचे दुकान असेल तर हवेतली बारीक पूड पंख्यातून थेट आत जाते आणि जाळीवर थर धरते. उष्णता बाहेर पडेनाशी झाली की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि फारच तापला तर लॅपटॉप बंद पडतो. सुरुवातीला ठीक, वीस मिनिटांनी मंद, मग बंद, असे होत असेल तर संशय धुळीवरच घ्या.

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि जाळीतून हवेच्या फवाऱ्याने धूळ उडवा. त्या वेळी पंखा काडीने अडवून धरा, तो जोरात फिरू देऊ नका. गादीवर, उशीवर, मांडीवरच्या चादरीवर लॅपटॉप ठेवू नका, खालची जाळी झाकली जाते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत दुपारचे जड काम टाळलेले बरे.

५. वीज आणि बॅटरी

वळिवाच्या दिवसांत वीज जाते-येते आणि येताना दाब वर-खाली होतो. चार्जर भिंतीच्या साध्या पिनला न लावता चांगल्या सर्ज प्रोटेक्टरला लावा. गडगडाट सुरू झाला की पिन काढून बॅटरीवर काम करा. तळ फुगलेला दिसला, टचपॅड वर आला किंवा झाकण नीट बसेनासे झाले, तर बॅटरी फुगली आहे. असा लॅपटॉप ताबडतोब बंद करा, चार्ज करू नका, बॅटरी टोचू-दाबू नका. ती बदलूनच घ्यावी लागते.

६. निळा पडदा

निळ्या पडद्यावर इंग्रजीत एक संकेत येतो. मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवा, दुरुस्ती करणाऱ्याचे निम्मे काम होते. नंतर स्टार्ट मेनूत 'रिलायबिलिटी' असे शोधा. कोणत्या दिवशी काय बंद पडले याचा तक्ता मिळतो. त्याच्या आदल्या दिवशी नवा प्रोग्रॅम, ड्रायव्हर किंवा अपडेट आले असेल तर ते काढून पाहा. लॅपटॉप नीट उघडतच नसेल तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा आणि त्यातून सेफ मोडमध्ये जा.

दोष दर वेळी आपल्या वापरात नसतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बसले. भारतातल्या विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

७. व्हायरस आणि फसवणूक

फुकटातले 'क्रॅक' केलेले सॉफ्टवेअर हे व्हायरस शिरण्याचे मोठे दार आहे. विंडोजमधला डिफेंडर चालू ठेवा, त्यावर आणखी दोन अँटिव्हायरस घालू नका, ते एकमेकांशीच भांडतात. "तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असा पडदा आला तर फोन करू नका आणि कोणालाही स्क्रीन वापरू देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. लॅपटॉप विंडोज ११ ला चालत असेल तर बदलून घ्या.

८. फॉरमॅटपूर्वी मराठी फॉन्ट जपा

दुकानात "फॉरमॅट मारू का?" असे विचारले की आपण हो म्हणून मोकळे होतो. पण शिवाजी, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या पत्रिका, स्मरणिका, इतिवृत्ते त्या फॉन्टशिवाय उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. म्हणून फॉन्टच्या फाइलीही कॉपी करून ठेवा, कागदपत्रांची पीडीएफ करा आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये आणा. युनिकोड मजकूर कोणत्याही लॅपटॉपवर, मोबाइलवर तसाच दिसतो.

९. दुकानात जाताना

कोल्हापूरला न्या, बेळगावला न्या की गावातच द्या, चार गोष्टी सांभाळा. तक्रार कधी आणि काय करताना होते ते लिहून न्या. खर्चाचा अंदाज आधी घ्या. बँकेचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेले असतील तर काढून टाका. डिस्क बदलली तर जुनी डिस्क मागून घ्या, तिच्यावर तुमचे घर आहे.

फिरती डिस्क काढून एसएसडी बसवली आणि रॅम वाढवली तर पाच-सहा वर्षांचा लॅपटॉपही पुष्कळदा नव्या जोमाने चालतो. नव्याचा खर्च करण्याआधी एवढे विचारून पाहा. आणि हे वाचून झाल्यावर निदान एक काम आजच करा : घरच्या फोटोंची एक प्रत काढून ठेवा.