कहाणी आणि देणगी

देणगीच्या आवाहनपत्रकात गोष्ट असावी की आकडे, असा प्रश्न संस्थांचे कार्यकर्ते मला वरचेवर विचारतात. माझे उत्तर असे, की गोष्टीने वाचक थांबतो आणि आकड्यांनी त्याचा विश्वास बसतो. म्हणून दोन्ही हवीत. परंतु गोष्ट कोणाची आणि ती कोणी, कशी सांगावी, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. आपल्या सामाजिक इतिहासात त्याचे उत्तर शोधता येते.

पंडिता रमाबाईंचे ‘द हायकास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक १८८७ साली फिलाडेल्फिया येथे प्रसिद्ध झाले. विधवांच्या शाळेसाठी निधी जमविणे हा त्यामागील हेतू होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत निवर्तलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे स्मरण त्याच्या प्रस्तावनेत आहे. फिलाडेल्फियातच वैद्यकी शिकलेल्या आनंदीबाई तेथील अनेकांच्या परिचयाच्या होत्या. दूरच्या देशातील दुःख अशा रीतीने ओळखीच्या चेहऱ्यातून वाचकापुढे आले. मात्र रमाबाई केवळ करुणेवर विसंबल्या नाहीत. शेवटच्या प्रकरणात त्यांनी स्वावलंबन, शिक्षण आणि एतद्देशीय शिक्षिका या तीन गरजा स्पष्टपणे मांडल्या. बॉस्टन येथे साहाय्यक मंडळ स्थापन झाले, दहा वर्षांच्या मदतीचे वचन मिळाले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले.

पुढे सदन पुण्यास आले. तेथे धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळली जाईल, असे आश्वासन होते. १८९३ साली धर्मांतराच्या शंकेने अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. माझ्या विषयापुरता बोध एवढाच, की देणगीदाराला सांगितलेली कहाणी आणि लाभार्थीच्या घरी सांगितलेली कहाणी एकच असली पाहिजे. तशी ती आहे याची खात्री दोघांनाही पटावी लागते. ती खात्री ढळली, की पैसा असूनही संस्था हादरते.

शारदा सदनाच्या आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध होऊन आनंदीबाई झाल्या. त्यांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांना तरुणपणीच वैधव्य आले. कर्वे यांनी १८९६ साली स्थापिलेल्या अनाथ बालिकाश्रमासाठी त्या गावोगाव फिरून वर्गणी गोळा करीत. पुढे त्या अमेरिकेसही गेल्या आणि तेथे घरकाम करून राहिल्या. त्यांचे आत्मचरित्र १९२८ साली निघाले. त्याचे नाव ‘माझी कहाणी’. या नावातील ‘माझी’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. पार्वतीबाई दुसऱ्या कोणाचे दुःख दाखवून मदत मागत नव्हत्या. जिच्यावर प्रसंग ओढवला, तीच निवेदिका होती. काय सांगावे आणि काय झाकावे, हे तिचे तिने ठरविले होते.

आज पत्रके रंगीत झाली आहेत आणि छायाचित्र काढणे सोपे झाले आहे. फाटक्या गणवेशातील मुलाचे चित्र छापले, की देणगी लवकर येते, असा अनेकांचा समज आहे. त्या मुलाला कोणी विचारलेले नसते. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मराठी शाळांना माजी विद्यार्थ्यांच्या मदतीची गरज आहे, म्हणूनच मी एक साधी कसोटी सुचवितो. आज ज्याची गोष्ट आपण छापतो, तो मुलगा उद्या चाळिशीत माजी विद्यार्थी म्हणून याच सभागृहात, तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसेल. तेव्हा ते पत्रक त्याच्या हाती दिले, तर त्याची मान खाली जाईल काय? जाणार असेल, तर ती गोष्ट छापू नये, मग देणगी थोडी कमी आली तरी चालेल.

गोष्ट छापायचीच, तर मुलाची व पालकांची अनुमती घ्यावी, त्याच्या कष्टांबरोबर त्याची हुशारीही सांगावी, खर्चाचा आकडा शेजारी द्यावा आणि पुढील वर्षी त्याचे काय झाले, हे न विसरता कळवावे. देणगीदार एकदा द्रवून देतो. पुन्हा देतो तो विश्वासाने.