खोक्यातला पारवा

करिदिनाची दुपार होती. ओट्यावर तिळगुळाची परात तशीच पडलेली. जरा पाठ टेकावी म्हणून मी आत वळणार, तोच गच्चीवरून मुलाची हाक आली, "आई, लवकर ये!" हाक अशी होती की हातातलं फडकं तसंच घेऊन मी जिना चढले.

पाण्याच्या टाकीमागे एक पारवा पडला होता. डावा पंख अंगापासून लोंबत होता, त्यावर रक्त, आणि पंखाला हिरव्या मांज्याचे दोन-तीन वेढे. मी घाईने तो मांजा ओढला. हीच माझी पहिली चूक. दोरा मांसात रुतलेला होता, ओढल्याबरोबर जखम आणखी उघडली. मैत्रिणींनो, तुमच्यावर अशी वेळ आली तर मांजा ओढू नका. दोन्हीकडून कात्रीने कापा आणि रुतलेला तुकडा डॉक्टरांनाच काढू द्या. पाखराला अंधाऱ्या खोक्यात ठेवा, वर भोकं पाडा आणि मुलांना सारखं डोकावू देऊ नका. भीतीनेच ते अर्धमेलं होतं.

पारवा म्हणजे आपलं रानकबूतर. राखाडी अंग, पंखावर दोन काळे पट्टे, मानेवर हिरवी-जांभळी झाक. मूळचा हा डोंगरकड्यांच्या कपारीत राहणारा. आपण माणसांनी वाडे, विहिरी, देवळं बांधली, तेव्हा त्याला तीही कपारीच वाटली. इथे जालन्यात पडक्या वाड्यात डोकावलं की पहिला आवाज त्याचाच येतो. म्हणून तर सासूबाई खोकं बघताच म्हणाल्या, "अगं, करीच्या दिवशी पारवा काहून आणला घरात? ओस घरात घुमतात ते!" पण पाचच मिनिटांनी त्यांनीच आपलं जुनं मऊ लुगडं फाडून खोक्यात अंथरलं.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात आमच्या पुढे एक बैल आणि दोन शेळ्या होत्या. माझ्या हातातलं खोकं बघून लोक हसले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी दोरा काढला, दोन टाके घातले, हाडाला बारीक चीर आहे म्हणाले आणि पंख नीट मिटवून आठच्या आकड्यासारखी पट्टी बांधली. मी विचारलं, "छातीवरून आवळून बांधली तर घट्ट राहील ना?" तेव्हा त्यांनी समजावलं, की पाखराला आपल्यासारखा पोटाचा पडदा नसतो; छातीचं हाड पुढे-मागे हलवूनच ते श्वास घेतं. छाती आवळली तर ते गुदमरून मरायचं. आणि पट्टी फार दिवस राहिली तर सांधा आखडतो, मग हाड जुळूनही उपयोग नाही. "बारा दिवसांनी आणा," ते म्हणाले. "नंतर उडतो का बघू. जमिनीवरून वर उठता आलं नाही, तर सोडू नका ताई. मांजर खाईल."

घरी आल्यावर मी मुलाची चक्री काढून बघितली. तोच हिरवा दोरा.

हा नायलॉनचा मांजा. त्याच्यावर २०१७ पासून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाची देशभर बंदी आहे, तरी तो मिळतो. मुलाने दोन दिवस आधी पतंगासाठी म्हणून पैसे मागितले होते. मी पोळ्या लाटत होते, "घे डब्यातले" म्हणाले आणि कशाला, कुठून, काही विचारलं नाही. वर्गात पर्यावरणाचा धडा शिकवणारी बाई मी! मुलगा दाराशी उभा होता. तो काही बोलला नाही, मीही रागावले नाही. रागावायला माझ्याजवळ तोंडच नव्हतं. रात्री आम्ही दोघांनी तो सगळा दोरा बोटभर तुकडे करून कापला. तासभर लागला. जाळायचा नव्हता, त्याचा धूर वाईट.

त्या रात्री मी त्याला डॉ. सलीम अलींची गोष्ट सांगितली. दहा-अकरा वर्षांचे असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून मामांनी त्यांना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथे कपाटंच्या कपाटं भरून ठेवलेले पक्षी बघून हा मुलगा पाखरांचाच होऊन गेला. १९८५ साली त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, त्याच्या नावातही ती पडलेली चिमणीच आहे. मुलाने एवढंच विचारलं, "पण ती चिमणी तर मेलीच ना?"

आता खाण्यापिण्याचं. दूध-पोळी अजिबात नको. ज्वारी, बाजरी, मूग, सगळं कच्चं. पाणी चमच्याने घशात ओतू नका, श्वासनळीत जातं. पारव्याची तऱ्हाच निराळी: कोंबडी घोट घेऊन मान वर करते, हा चोच बुडवून ओढून पितो. म्हणून वाटी जरा खोल हवी. खोक्यातला कागद रोज बदलायचा. वाळलेली विष्ठा झाडायची नाही, पाणी शिंपडून पुसून घ्यायची, नाका-तोंडाला फडकं बांधायचं आणि साबणाने हात धुवायचे. ती धूळ छातीत गेली की फुफ्फुसं बिघडतात. घरात दमेकरी असेल तर हा पाहुणा ठेवूच नये. आणि घुबड, घार, मोर असं काही सापडलं तर घरी ठेवायचं नाही. वन खात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवायचं.

नेमके हळदी-कुंकवाचे दिवस. वाण घ्यायला येणारी प्रत्येक जण आधी खोकं बघायची, मग सल्ला द्यायची. "पिंजरा घ्या, मुलांना विरंगुळा." "सोडून द्या बाई, मुक्याचे शाप घेऊ नयेत." एकीने तर पंख कापून पाळायचं कसं, हेही सांगितलं. रथसप्तमीपर्यंत माझं मत रोज बदलत होतं.

बाराव्या दिवशी पट्टी निघाली. घरात दोन पक्ष पडले. ह्यांचं म्हणणं, "जखम भरली ना? मग उद्याच सोड." धाकटीचं म्हणणं, तो आपलाच आहे. तिच्या हातून दाणे टिपायला लागला होता, आणि खरं सांगते, मलाही त्याची सवय झाली होती. सकाळी चहा उकळताना तो घुमायचा. त्याला ठेवून घेण्यासाठी माझ्याजवळ कारणं भरपूर होती: बाहेर मांजरं, शिक्रा, ऊन. एक दिवस लक्षात आलं, ही सगळी कारणं माझ्या सोयीची आहेत.

मी डॉक्टरांचं वाक्य धरून बसले. बैठकीतला पंखा बंद केला, आरशावर चादर टाकली, खिडक्या लावल्या आणि पारव्याला जमिनीवर ठेवलं. हातावरून सोडलं तर कुणीही खाली तरंगत येईल. जमिनीवरून उठणं ही परीक्षा. पहिल्या दिवशी तो हातभर उडाला आणि डाव्या अंगावर कोसळला. ह्यांनी काही म्हटलं नाही, पण "उद्याच सोड" हे वाक्यही पुन्हा आलं नाही. मग रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटं हाच उद्योग. खुर्चीपर्यंत, टेबलापर्यंत. चोच उघडून धापा टाकायला लागला की थांबायचं. आठवडाभर तो टेबलावरच अडकला. त्या आठवड्यात मला वाटलं, हा कधीच उडणार नाही आणि तसं झालं तर तो जन्मभर आमचा. धाकटीला ते ऐकून आनंद झाला आणि मला तिचा रागच आला.

एकतिसाव्या दिवशी तो कपाटावर जाऊन बसला. मी आणखी सहा दिवस थांबले. एकदा जमणं वेगळं आणि लागोपाठ पाचदा न धापता जमणं वेगळं.

सोडायचं कुठे, हाही प्रश्नच. हे म्हणाले मोती तलावाकाठी सोडू, झाडी आहे, पाणी आहे. मी नाही म्हटलं. पारव्याची जोडी बहुधा टिकून राहते. अंड्यांवर दोघं पाळीपाळीने बसतात, नर मधल्या दिवसात आणि मादी बाकीचा वेळ. सतरा-अठरा दिवसांनी पिल्लं निघतात, त्यांना आपल्या अन्नपिशवीतून पाझरणारं दुधासारखं खाद्य दोघंही भरवतात. म्हणजे आमच्या हिरव्या दोऱ्याने कुणाची पाळी चुकली होती, कोण जाणे. त्याचा थवा आमच्याच गल्लीत, शेजारच्या टाकीवर. तेव्हा गच्चीवरच.

सदतिसाव्या दिवशी, सकाळी नऊला, ऊन पडल्यावर, आभाळात पतंग नाही हे मुलाने दोनदा बघितल्यावर आम्ही खोकं वर नेलं. झाकण मुलाने उघडलं. उडवायचं नाही, आपणहून जाऊ द्यायचं, असं ठरलं होतं. पारवा काठावर येऊन बसला. बराच वेळ. धाकटी मुसमुसायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "जा रे बाबा, आता जा." मग पंखांचा फटफट आवाज झाला, आणि तो शेजारच्या टाकीपर्यंत गेला, जरा डावीकडे झुकत. तिथे पाच-सहा जण होते. त्यांच्यात मिसळला आणि आम्हाला कळेना, त्यातला आमचा कुठला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई मूठभर ज्वारी घेऊन गच्चीकडे निघाल्या. मी त्यांना अडवलं. दाणे टाकले की शंभर पारवे येतात, विष्ठेचे थर साचतात. मुंबईत ह्याच कारणाने २०२५ साली कबुतरखाने बंद करायची वेळ आली आणि केवढं वादळ उठलं. सासूबाई रागावल्या. "पाहुण्याला दोन दाणेही नाहीत?" दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. वाटीभर पाणी मात्र ठेवू दिलं. ती वाटी रोज घासायचं काम मुलाकडे आहे.