अरण्याचा जमाखर्च : कर्बाची देवघेव कशी मोजतात?

झाड हवेंतील कर्बाम्लवायु ओढून घेऊन त्याचें लांकूड व पान करितें, ही गोष्ट आमच्या वाचकांस नवी नाहीं. ज्वारीचें वाळलेलें ताट जाळून पाहावें. मागें जी मूठभर राख उरते तेवढाच मातीचा वांटा, बाकीचें सारें अंग हवा व पाणी यांपासून झालेलें. परंतु तेंच ताट रात्रंदिवस श्वासही टाकीत असतें. मुळें श्वसन करितात, जमिनींतील जंतु श्वसन करितात, गळलेला पाला कुजतो, आणि घेतलेला वायु पुष्कळसा परत हवेंत जातो. शेतांतील पीक निघालें कीं त्या सालचा हिशेब मांडतां येतो. अरण्याचें खातें मात्र कधींच बंद होत नाहीं. तेथें जमा व खर्च दोन्ही एकाच वेळीं वर्षानुवर्षें चाललेले असतात, आणि शिल्लक किती हें कोणासही डोळ्यांनीं दिसत नाहीं.

ही शिल्लक जाणून घेण्याची निकड कां, हें थोडक्यांत सांगतों. चार्ल्स कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९५८ सालीं हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर कर्बाम्लवायु मोजण्यास आरंभ केला, तेव्हां हवेच्या दहा लक्ष भागांत तो सुमारें ३१५ भाग होता; आतां तो ४२० हून अधिक भरतो. कोळसा व खनिज तेल जाळून आणि जंगलें तोडून मनुष्य जेवढा वायु हवेंत सोडतो, त्याचा सुमारें अर्धाच तेथें उरतो. बाकीचा समुद्र व जमिनीवरील झाडोरा मिळून गिळतात. उष्ण कटिबंधांतील अरण्यें त्यांतील किती वांटा उचलतात, आणि हा भार तीं किती काळ उचलीत राहतील, यावर पुढील उन्हाळ्यांचें मान पुष्कळ अंशीं अवलंबून आहे. व उन्हाळ्यावर पावसाचें.

या अरण्यांत सर्वांत विस्तीर्ण तें दक्षिण अमेरिकेंतील अ‍ॅमेझॉनचें. ब्राझील देशाच्या पुढाकारानें १९९८ पासून तेथें मोठ्या प्रमाणावर मोजणी सुरू झाली. तिचा पाया त्यापूर्वींच्या कांहीं वर्षांत घातला गेला होता. मोजण्याची मुख्य रीत अशी. अरण्याच्या शेंड्यांहूनही उंच असा लोखंडी मनोरा उभा करितात. त्याच्या टोंकावर दोन यंत्रें असतात. एक यंत्र ध्वनीच्या लहरींच्या साहाय्यानें वारा वर जातो कीं खालीं येतो, व किती वेगानें, हें एका सेकंदांत दहावीस वेळां टिपतें. दुसरें यंत्र डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या योगानें त्याच क्षणीं हवेंत कर्बाम्लवायु किती आहे हें सांगतें. वारा सरळ वाहतांना दिसला तरी तो लहानमोठे भोंवरे घेत, गिरक्या खात चाललेला असतो. खालीं येणाऱ्या गिरकींत वायु अधिक व वर जाणाऱ्या गिरकींत कमी असला, तर मधला फरक अरण्यानें ठेवून घेतला असें समजावें. उलट असलें तर अरण्यानें तो सोडला. अशा हजारों गिरक्यांची बेरीज-वजाबाकी करून अर्ध्या अर्ध्या तासाचा, पुढें दिवसाचा व वर्षाचा आंकडा काढितात.

रीत सुंदर आहे, आणि दिवसां ती उत्तम चालते. घोटाळा रात्रीं होतो.

१९९२-९३ मध्यें ब्राझीलमधील अ‍ॅमेझॉनच्या नैऋत्य भागांतील रोंडोनिया प्रांतांत जॉन ग्रेस प्रभृति शास्त्रज्ञांनीं जी मोजणी केली, तींत अरण्य दर हेक्टरीं वर्षाला सुमारें १ टन कर्ब साठवितें असें निघालें. पुढें मानाउस शहराजवळच्या मनोऱ्यानें हा आंकडा जवळजवळ ६ टन सांगितला. आमच्या मतें हा आंकडा ऐकून कोणत्याही बागाइतदारानें भुंवई उंच केली असती. इतका कर्ब दरसाल लांकडांत जात असता, तर तें जंगल एका पिढींत ओळखूं येणार नाहीं इतकें दाट झालें असतें. मग चूक कोठें होती? वारा पडलेल्या रात्रीं हवेच्या गिरक्या थांबतात. झाडें, मुळें व माती यांनीं सोडलेला वायु शेंड्यांच्या छताखालींच कोंडतो. थंड हवा जड असल्यामुळें ती या वायूसह उतारानें ओहोळासारखी वाहत जाऊन सखल खोऱ्यांत जमते. मनोरा बहुधा पठारावर असतो. त्याच्या यंत्रास त्याचा पत्ताच लागत नाहीं. म्हणजे दिवसाची जमा पुरी लिहिली जाते आणि रात्रीच्या खर्चाची पानें कोरीं राहतात. असा खतावणीकार ठेवला तर कोणताही व्यापारी फायद्यांतच दिसेल!

हा दोष फार मोठा कां ठरतो तें ध्यानांत घ्यावें. मानाउसच्या अरण्यांत झाडें वर्षाकाठीं हेक्टरीं सुमारें ३० टन कर्ब हवेंतून घेतात, आणि जवळजवळ तितकाच परत जातो. शिल्लक त्या दोहोंतील अगदीं बारीक फरक होय. तीसांपैकीं एक टन इकडचा तिकडे झाला तरी नफ्याचा तोटा होतो. धान्याच्या मापाड्यास शंभर पायलींत तीन पायलींची चूक माफ असते. येथें तेवढ्या चुकीनें निकालच फिरतो.

यावर उपाय म्हणून निवांत रात्रींचीं मापें बाजूस सारून, ज्या रात्रीं वारा पुरेसा खळबळलेला असेल त्यांवरून इतर रात्रींचा खर्च धरण्याची पद्धत पडली. सांतारेम शहराजवळील तापाजोस अरण्यांत स्कॉट सालेस्का व त्यांचे सहकारी यांनीं असा सुधारलेला हिशेब २००३ सालीं प्रसिद्ध केला, तेव्हां दोन चमत्कारिक गोष्टी बाहेर आल्या. पहिली ही कीं, तें अरण्य कर्ब साठवीत नसून हेक्टरीं वर्षाला सुमारें १.३ टन गमावीत होतें. कांहीं वर्षांपूर्वीं तेथें पुष्कळ झाडें मेलेलीं असावींत, व त्यांचीं खोडें जमिनीवर कुजत पडलीं होतीं. तेंच हें जुनें कर्ज फिटत होतें. दुसरी गोष्ट शेतकऱ्यास अधिक रुचेल. सर्वांची समजूत अशी होती कीं, पावसाळ्यांत अरण्य कमावतें व कोरड्या ऋतूंत गमावतें. प्रत्यक्षांत उलटें निघालें. कोरड्या महिन्यांत आकाश मोकळें असतें, ऊन भरपूर मिळतें, नवी पालवी फुटते, खोल मुळें खालचें पाणी ओढीत राहतात. आणि वरचा पाला वाळलेला असल्यामुळें कुजत नाहीं. पाऊस सुरू झाला कीं तोच पाला झपाट्यानें कुजूं लागतो. उकिरड्यांतील खत पावसाळ्यांत कसें बसतें हें ज्यानें पाहिलें आहे, त्यास याचें नवल वाटणार नाहीं.

मनोऱ्याची साक्ष एकटी घेऊं नये म्हणून दुसरी, फार साधी रीत तिच्या जोडीस असते, व आमचा कल तिच्याकडे अधिक आहे. अरण्यांतील एक तुकडा आंखून घेतात. त्यांतील ठराविक जाडीच्या पुढच्या प्रत्येक झाडास क्रमांकाचा पत्रा ठोकतात, आणि जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर त्याचा घेर फितीनें मोजतात. ज्या झाडांच्या बुंध्यास भिंतीसारखे पंखे फुटलेले असतात, त्यांचा घेर पंख्यांच्या वर शिडी लावून घ्यावा लागतो. कांहीं वर्षांनीं तीच माणसें, किंवा त्यांचे वारस, त्याच खुणेवर पुन्हां फीत लावितात. मेलेलीं झाडें वजा करितात, नवीं वाढलेलीं मिळवितात. पूर्वीं झाडें तोडून, वाळवून, वजन करून जीं कोष्टकें बांधलीं आहेत त्यांवरून घेराचें वजन निघतें, व वाळलेल्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कर्ब असतो. अ‍ॅमेझॉनमधील अशा ३२१ तुकड्यांचा हिशेब २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. झाडें अजून साठवण करीत होतीं; परंतु १९९० नंतरच्या दशकांत साठवणीचा जो वेग होता, तो त्यापुढील दशकांत एकतृतीयांशानें उतरला होता. वाढ थबकली होती व झाडें मरण्याचें प्रमाण वाढत होतें.

तिसरी साक्ष विमानाची. ब्राझीलच्या लुसियाना गाट्टी यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१० पासून २०१८ पर्यंत अ‍ॅमेझॉनवर चार ठिकाणीं लहान विमानें पाठवून, सुमारें साडेचार किलोमीटर उंचीपासून झाडांच्या जवळपर्यंत उतरत उतरत कांचेच्या कुप्यांत हवा भरून आणविली. अशीं ५९० उड्डाणें झालीं. तेथील वारा पूर्वेच्या समुद्रावरून येतो. समुद्रावरची हवा व अरण्य ओलांडून आलेली हवा यांतील फरक म्हणजे वाटेंतील सर्व प्रदेशाची देवघेव. कुपींतील कर्बएकप्राणिल वायूवरून आगीच्या धुराचा वांटाही वेगळा काढतां आला. २०२१ सालीं निकाल जाहीर झाला तो असा कीं, आग्नेय भाग, जेथें तोड अधिक झाली व कोरड्या ऋतूची उष्णता सर्वांत वाढली, तो आतां कर्ब घेणारा राहिला नसून देणारा झाला आहे. पश्चिमेकडील भागाची स्थिति इतकी वाईट नाहीं.

आमच्या वाचकांस यांत काय, असें कोणी विचारील. झाडें लावा, त्यांत सांठलेल्या कर्बाचे पैसे देऊं, असें सांगणाऱ्या योजना आतां आपल्याकडेही येऊं लागल्या आहेत. त्या सर्व खोट्या, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. पण कागदावर सही करण्यापूर्वीं कर्ब कोण मोजणार, कोणत्या कोष्टकानें, झाड मेलें तर वजाबाकी कोणाच्या नांवावर, आणि मोजणीचा खर्च कोणाच्या माथीं, एवढें विचारून घ्यावें. जेथें जगांतील नामांकित शास्त्रज्ञांस सहा टनांची जमा उणी करावी लागली, तेथें बांधावर उभें राहून डोळ्यांनीं आंकडा सांगणाऱ्या दलालाचें माप घेऊं नये.

आपल्या देशांतही हें काम चाललेलें आहे. तामिळनाडूंतील मुदुमलईच्या जंगलांत भारतीय विज्ञान संस्थेनें १९८८-८९ पासून ५० हेक्टरांचा तुकडा मोजीत ठेविला आहे, आणि मध्यप्रदेशांत बैतूल येथें सागाच्या जंगलावर मनोरा उभा आहे. अ‍ॅमेझॉनमध्यें तर ब्राझील व जर्मनी यांनीं मिळून मानाउसपासून सुमारें १५० किलोमीटर अंतरावर ३२५ मीटर उंचीचा मनोरा २०१५ सालीं पुरा केला; इतक्या उंचीवरची हवा शेंकडों किलोमीटरांवरून आलेली असते. एप्रिल २०२५ मध्यें युरोपीय अवकाश संस्थेनें अरण्याचें वजन अजमावण्यासाठीं एक उपग्रह सोडला आहे. त्याच्या लांब लहरी ढग व पानें भेदून फांद्या व खोडांपर्यंत पोंचतात. त्याचीं मापें बरोबर आहेत कीं नाहींत हें ठरविण्यासाठीं मात्र जमिनीवर त्याच पत्रे ठोकलेल्या झाडांशीं जाऊन, फितीनें घेर घ्यावा लागतो.