विश्लेषण : छोट्या कारला मोठे टायर बसवावेत का? आकड्यांचे गणित काय सांगते?

पावसाळा तोंडावर आला की टायरच्या दुकानांत गर्दी वाढते आणि एक प्रश्न हमखास ऐकू येतो. ‘एक साइज मोठा टाकू का? गाडी भारदस्त दिसेल, पकडही चांगली मिळेल.’ दोन्ही गोष्टी काही प्रमाणात खऱ्या आहेत. पण टायर बदलला की स्पीडोमीटर, सस्पेन्शन आणि मायलेजचे गणितही बदलते. रस्त्यावर पावलोपावली दिसणाऱ्या मारुती स्विफ्टचे उदाहरण घेऊन हे गणित समजून घेऊ.

टायरवरच्या आकड्यांचा अर्थ काय?

स्विफ्टच्या सुरुवातीच्या व्हेरिएंटना १६५/८० आर१४ टायर येतो. यातील १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० ही टक्केवारी आहे. टायरच्या कडेची, म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ८० टक्के, अर्थात १३२ मिमी. ‘आर’ म्हणजे रेडियल; अनेकांना वाटते तसा रेडियस नव्हे. शेवटचा १४ हा रिमचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी खिचडी असल्यानेच ग्राहकांचा गोंधळ होतो.

त्यापुढे ‘८५ टी’ असे काही लिहिलेले असते. ८५ या क्रमांकाचा टायर ५१५ किलो भार पेलू शकतो, तर ‘टी’ ही ताशी १९० किमी वेगाची मर्यादा आहे. नवा टायर घेताना ही दोन्ही चिन्हे जुन्याइतकी किंवा त्याहून वरची हवीत, खालची कधीच नकोत.

मग कंपनीच मोठा टायर कसा देते?

स्विफ्टच्या महागड्या व्हेरिएंटला १८५/६५ आर१५ टायर मिळतो. वरवर पाहता तो बराच मोठा वाटतो. प्रत्यक्षात १४ इंची चाकाचा टायरसह एकूण व्यास ६१९.६ मिमी भरतो आणि १५ इंचीचा ६२१.५ मिमी. फरक जेमतेम २ मिमी! रिम एका इंचाने वाढली, तेवढ्याच मापात साइडवॉल कमी केली. योग्य ‘अपसाइझिंग’ म्हणतात ते हेच.

दुकानात सहज मिळतो म्हणून याच रिमवर १९५/६५ आर१५ चढवला, तर व्यास ६३४.५ मिमी होतो, मूळ १४ इंची टायरपेक्षा २.४ टक्के जास्त. म्हणजे ओडोमीटरवर १०० किमी दिसतील तेव्हा गाडी १०२.४ किमी चाललेली असेल. टायर बदलल्यावर ‘मायलेज पडले’ अशी तक्रार होते, त्यातला काही भाग हा निव्वळ मोजमापातला फरक असतो. काही भाग मात्र खरा असतो, कारण रुंद आणि जड टायर फिरवायला इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. स्पीडोमीटरही पूर्वीपेक्षा कमी वेग दाखवू लागतो. शिवाय पाच माणसे आणि सामान भरून वळण घेताना टायर मडगार्डच्या आतल्या भागाला घासण्याची शक्यता वाढते.

एकूण व्यासातील फरक २ ते ३ टक्क्यांच्या आत ठेवावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. एक लिटर इंजिनाच्या गाडीत तो त्याहून कमी राहिलेलाच बरा.

१६ इंची अलॉय घ्यावेत का?

गणिताने पाहिले तर १९५/५५ आर१६ स्विफ्टला चपखल बसतो, व्यास ६२०.९ मिमी. अडचण वेगळीच आहे. साइडवॉल १३२ वरून १०७ मिमीवर येते. खड्ड्यात चाक आपटते तेव्हा धक्का झेलते ती हीच रबराची भिंत. ती उथळ असेल तर टायर खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात चिमटला जातो, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. पोलादी रिम ठोकून सरळ करता येते. अलॉयला तडा गेला तर ती फेकण्याखेरीज सुरक्षित पर्याय नाही.

पकडीचे म्हणाल तर कोरड्या रस्त्यावर रुंद टायर नक्कीच उजवा ठरतो. साचलेल्या पाण्यात मात्र उलटे होते. रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावे लागते, त्यामुळे तो पाण्यावर लवकर तरंगतो. रोजचा प्रवास मुंबई-ठाण्याच्या किंवा पुण्याच्या खड्ड्यांतून असेल तर १४ किंवा १५ इंचांवर थांबणेच शहाणपणाचे. १६ इंची चाके दिसतात मात्र झकास, हे मान्य.

रिम बसली म्हणजे जुळली का?

नाही. स्विफ्ट, वॅगनआर, ह्युंदाई आय२० आणि होंडा जॅझ या गाड्यांच्या चाकांना चार बोल्ट असतात, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर. म्हणून जॅझची जुनी अलॉय स्विफ्टला ‘बसते’. पण होंडाच्या रिमचे मधले भोक ५६.१ मिमीचे, तर स्विफ्टचा हब ५४.१ मिमीचा. हा २ मिमीचा सैलपणा वेग वाढला की स्टेअरिंगच्या थरथरीतून जाणवू शकतो. त्यासाठी मध्ये हब रिंग लागते. नटांची बैठकही वेगळी असते, होंडाची गोलाकार आणि मारुतीची शंकूसारखी. चुकीचा नट वरून घट्ट वाटतो, पण धावत्या गाडीत सैल होऊ शकतो. दुकानदार हे सांगेलच असे नाही. रिमचा ऑफसेट बदलला तर चाक बाहेर येते आणि व्हील बेअरिंगवर ताण पडतो.

कायद्याचे काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका अधोरेखित केली. त्यामुळे आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीने दिलेला साइज निवडणे सर्वांत निर्धोक. कंपनीने मान्य केलेले साइज आणि हवेचा दाब चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतात.

पैसे देण्यापूर्वी टायरच्या कडेवरचा चार अंकी आकडा पाहावा. ‘२३२४’ म्हणजे २०२४ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. दोनच टायर बदलायचे असतील तर साइज चारही चाकांना एकच ठेवून नवे टायर मागे टाकावेत, असा टायर उत्पादकांचा सल्ला आहे. ओल्या रस्त्यावर गाडीची मागची बाजू सुटली तर सावरणे जास्त कठीण जाते. बहुतेक दुकानांत नवे टायर आजही सवयीने पुढेच चढवले जातात.